सीमा कुठे आखायची? मुंबईच्या ट्रॉलीबसने शिकवलेली गोष्ट

माझ्या पीएचडीच्या दुसऱ्या सहामाही प्रेझेंटेशनची पहिलीच स्लाइड चुकीची होती. त्या चुकीवरच आजचा लेख आहे.

नवीन वाचकांसाठी आधी थोडक्यात सांगते. माझं काम इलेक्ट्रिक बसच्या ऊर्जावापरावर आहे. शहरातली बस एक किलोमीटर जायला किती वीज खाते आणि ती कशाने कमी-जास्त होते, हे मी मोजते. राहते नवी मुंबईत, त्यामुळे मोजायचा विषय रोज स्टॉपवर समोर येऊन उभा राहतो. कधी वेळेवर, कधी नाही.

तर त्या स्लाइडवर मी ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं, 'मुंबई महानगरातील इलेक्ट्रिक बसची सुरुवात : २०१७'. त्या वर्षी नोव्हेंबरात बेस्टच्या ताफ्यात बॅटरीवरच्या बस आल्या. तारीख खरी होती. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा वर केला आणि विचारलं, "मग शाळेत असताना मी माझगावला कशात बसायचो गं? वर दोन दांडे असायचे, तारेला लावलेले. आवाज नाही, धूर नाही. ती इलेक्ट्रिक नव्हती का?"

मी गप्प. गाइड माझ्याकडे बघतायत, मी स्लाइडकडे बघतेय. सर चिडलेले नव्हते, उलट हसत होते. पण घरी येताना बसमध्ये एकच विचार डोक्यात होता. माझं सगळं साहित्य सर्वेक्षण २०१७पासून सुरू होतं, ते का? कारण मी शोधताना 'ई-बस' हाच शब्द टाकला होता. साठच्या दशकात त्या वाहनाला कुणी ई-बस म्हणत नव्हतं. लोक त्याला ट्रॉलीबस म्हणायचे.

संशोधनाच्या तयारीत असलेल्यांनी हे आधी टिपून ठेवा : तुम्ही शोधायला जो शब्द वापरता, तोच तुमच्या अभ्यासाची पहिली सीमा आखतो. आपल्याला कळतसुद्धा नाही.

पहिली सीमा : काळाची

मग मी मागे जायला लागले. घटनाक्रम थोडक्यात असा आहे.

९ मे १८७४ रोजी मुंबईत घोड्यांची ट्राम सुरू झाली. एक मार्ग कुलाब्याहून क्रॉफर्ड मार्केटवरून पायधुणीला जायचा, दुसरा बोरीबंदरहून काळबादेवीमार्गे पायधुणीलाच. एक किंवा दोन घोडे रुळांवरचा डबा ओढायचे. म्हणजे कंपनीच्या खर्चात चारा, तबेले, नाल आणि घोड्यांची आजारपणं. आजच्या भाषेत हा सगळा इंधनखर्च आणि देखभालखर्च.

१९०५मध्ये बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवे कंपनीने जुनी ट्राम कंपनी विकत घेतली. हे नाव नीट वाचा. वीजपुरवठा आणि ट्राम एकाच नावात आहेत. ७ मे १९०७ रोजी शहरात विजेची ट्राम धावली. १५ जुलै १९२६ रोजी याच कंपनीने अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी मोटारबस सुरू केली. ऑगस्ट १९४७मध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, हा सगळा कारभार महापालिकेकडे आला. नावात 'ट्रामवे'च्या जागी 'ट्रान्सपोर्ट' आलं. तीच आपली बेस्ट.

आता सरांच्या आठवणीतली बस. जून १९६२मध्ये बेस्टने गवालिया टँक ते माझगाव डॉक या मार्गावर ट्रॉलीबस सुरू केली. गवालिया टँक म्हणजे आजचं ऑगस्ट क्रांती मैदान. दोन वर्षांनी, ३१ मार्च १९६४ला बोरीबंदर ते दादर ही शेवटची ट्राम धावली आणि ट्राम इतिहासजमा झाली. मार्च १९७१मध्ये ट्रॉलीबसही बंद झाली. जेमतेम नऊ वर्षांचं आयुष्य.

या तारखा एका रेषेवर मांडल्या तेव्हा मला धक्का बसला. १९०७ ते १९७१ अशी सलग ६४ वर्षं मुंबईच्या रस्त्यांवर विजेवर चालणारं सार्वजनिक वाहन होतं. मग ४६ वर्षं नव्हतं. मग २०१७ला परत आलं. मी जिला 'सुरुवात' म्हणत होते, ते पुनरागमन होतं. आणि पुनरागमन म्हटलं की पुढचा प्रश्न आपोआप येतो : गेली का होती?

सुरुवात धरली असती तर हा प्रश्न मला कधीच पडला नसता. काळाची सीमा बदलली की प्रश्नच बदलतो.

ट्रॉलीबस म्हणजे नेमकं काय?

ट्रामला वर एकच तार लागते. वीज तारेतून येते, मोटर फिरवते आणि लोखंडी चाकांतून रुळांमार्गे परत जाते. रूळ हीच दुसरी तार. बसला रबरी टायर असतात आणि रबर वीज वाहून नेत नाही. म्हणून ट्रॉलीबसला वर दोन तारा लागतात, एक विजेच्या येण्याची आणि एक जाण्याची. त्यासाठीच टपावर दोन लांब दांडे. तारेत साधारण ६०० व्होल्ट एकदिश वीज असते. ती पुरवायला मार्गालगत सबस्टेशन लागतात.

कल्पना जुनी आहे. जर्मनीत वेर्नर फॉन सिमेन्सने १८८२मध्ये बर्लिनजवळ साधारण अर्धा किलोमीटर असं वाहन चालवून दाखवलं होतं. भारतात दिल्लीत १९३५मध्ये ट्रॉलीबस आली होती.

फायदे उघड आहेत. धूर नाही, आवाज कमी, उभ्या जागेवरून झटकन वेग घेते, चढावर दमत नाही. रूळ नसल्यामुळे ट्रामपेक्षा स्वस्त आणि रस्त्यात थोडी डावी-उजवी सरकू शकते. तोटेही तितकेच उघड. पुढची बस बंद पडली तर तिला ओलांडून जाणं अवघड. वळणावर दांडा तारेवरून निसटला की कुणीतरी खाली उतरून तो परत चढवायचा. रस्ता खोदला की मार्ग बदलता येत नाही. आणि समुद्राकाठच्या शहरात आणखी एक कटकट असते, खारी हवा. तारा धरून ठेवणाऱ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर मिठाचा थर बसतो. दमट हवेत तो ओला झाला की वीज झिरपायला लागते. म्हणून ते साफ ठेवावे लागतात. किनाऱ्यालगतच्या कुठल्याही वीजवाहिनीवर काम करणाऱ्या माणसाला विचारा, तो हेच सांगेल.

तार कशासाठी? एक छोटं गणित

मला वाटलं होतं, तारांची एवढी कटकट होती तर तेव्हाच बॅटरी का नाही लावली? कागदावर आकडेमोड केली आणि उत्तर मिळालं. तुम्हीही करून बघा, वही-पेन पुरे.

बारा मीटर लांबीची शहरी इलेक्ट्रिक बस एक किलोमीटरला साधारण १ ते १.५ युनिट वीज घेते. युनिट म्हणजे आपल्या घरच्या वीजबिलातलंच. आपण १.२ धरू. दिवसाला २०० किलोमीटर धावायचं तर २४० युनिट. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नसते, म्हणून थोडी शिल्लक धरून ३०० युनिटची बॅटरी.

आजच्या लिथियम बॅटरीत एका किलो वजनात साधारण ०.१५ युनिट मावतात. म्हणजे ३०० युनिटला २,००० किलो, दोन टन. जड आहे, पण झेपतं.

साठच्या दशकात हाताशी काय होतं? शिसं आणि आम्ल असलेली बॅटरी, जी आजही इन्व्हर्टरखाली असते. तिच्यात किलोमागे साधारण ०.०३ युनिट. ३०० युनिटला किती? १०,००० किलो. दहा टन फक्त बॅटरी! भरलेल्या बसचं एकूण वजनच १६-१७ टनांच्या आसपास असतं. मग प्रवासी बसवायचे कुठे?

म्हणजे त्या काळात रस्त्यावर दिवसभर विजेची बस चालवायची तर तारेशिवाय इलाज नव्हता. तार ही मागासलेली पद्धत नव्हती, ते बॅटरीच्या वजनावरचं उत्तर होतं. जुन्या तंत्रज्ञानाला नावं ठेवण्याआधी ते कुठल्या अडचणीवरचं उत्तर होतं, ते शोधायची सवय लावून घ्या. व्हायवात उपयोगी पडेल.

दुसरी सीमा : ऊर्जेची

आता डिझेल बसशी तुलना. इथेच माझ्यासारखे बरेच जण घसरतात.

एक लिटर डिझेलमध्ये साधारण १० युनिट ऊर्जा असते. शहरी बस लिटरला साडेतीन किलोमीटरच्या आत-बाहेर जाते, म्हणजे किलोमीटरला जवळपास ३ युनिट. इलेक्ट्रिक बस १.२. झालं, 'इलेक्ट्रिक बस अडीचपट कार्यक्षम' असा निष्कर्ष आपण लिहून मोकळे होतो.

थांबा. डिझेलची ऊर्जा आपण टाकीत मोजली आणि विजेची बसच्या प्लगपाशी. पण वीज प्लगमध्ये तयार होत नाही. ती कोळशावरच्या केंद्रातून आली असेल, तर कोळशातल्या १०० भाग ऊर्जेतले साधारण ३५ भागच वीज बनून बाहेर पडतात. १.२ भागिले ०.३५ केलं की उत्तर येतं ३.४. म्हणजे वीजकेंद्रापर्यंत मागे गेलं की डिझेल आणि वीज जवळजवळ बरोबरीत येतात. (काटेकोर व्हायचं तर डिझेलच्याही मागे रिफायनरीपर्यंत जायला हवं. सीमा दोन्हीकडे सारखीच मागे न्यायची, एकाच बाजूला नाही.)

पण तीच वीज धरणातून आली असेल तर? मुंबईला सह्याद्रीतल्या टाटांच्या जलविद्युत केंद्रांची वीज फार पूर्वीपासून मिळत आली आहे, खोपोलीचं केंद्र १९१५चं. तिथे कोळशाचा हिशेबच नाही. म्हणजे बस तीच, मोटर तीच, पण तुलनेचं उत्तर वीज कुठून येते यावर ठरतं.

यात 'इलेक्ट्रिक चांगली की वाईट' हा मुद्दा नाही. गावाच्या नाक्यावर धूर न होण्याला वेगळी किंमत आहेच, ती या गणितात आलेलीच नाही. मुद्दा एवढाच की निष्कर्षाशेजारी सीमा लिहिली नाही तर तो निष्कर्ष अर्धा आहे. माझ्या थीसिसमध्ये आता प्रत्येक तक्त्याखाली एक ओळ असते, 'मोजणी : प्लगपासून चाकापर्यंत' किंवा 'वीजकेंद्रापासून चाकापर्यंत'. ती ओळ लिहायला दहा सेकंद लागतात. न लिहिल्याची किंमत मी आधी मोजलेली आहे.

मग गेली का?

सगळ्यांच्या तोंडी पहिलं उत्तर असतं, 'तंत्रज्ञानच बरोबर नव्हतं.' हे गृहीतक मानू आणि तपासू. ते खरं असेल तर त्या काळात ट्रॉलीबस जगभर मागे हटायला हवी होती.

लंडनची शेवटची ट्रॉलीबस मे १९६२मध्ये धावली. म्हणजे मुंबईची सुरू होण्याच्या एक महिना आधी! एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या ट्रॉलीबस जाळ्यांत तिची गणना होती. हे वाचून वाटतं, सापडलं उत्तर. पण त्याच सुमाराला काळ्या समुद्राच्या काठी, क्रिमियात, सिम्फेरोपोलहून डोंगर ओलांडून याल्टापर्यंत सुमारे ८६ किलोमीटरची ट्रॉलीबस तयार झाली होती, १९६१पर्यंत पूर्ण. जगातली सर्वांत लांब. समुद्राची खारी हवा तिथेही होती. आणि सॅन फ्रान्सिस्को, झुरिक या शहरांत ट्रॉलीबस आजही धावतात. तेव्हा 'तंत्रज्ञान वाईट' हे गृहीतक टिकत नाही.

मग मी दुसरं मांडलं आणि त्याच्यावर माझा फार जीव जडला : वीज आणि बस एकाच मालकाच्या असतील तर तार टिकते. सॅन फ्रान्सिस्कोकडे बघा. शहराच्या स्वतःच्या हेच हेची धरणाची वीज, शहराच्याच बस. किती सुंदर बसतंय! मी दोन पानं लिहूनही टाकली. मग गाइडनी पेन्सिलने समासात एकच शब्द लिहिला, 'बेस्ट?'

बरोबर. बेस्टकडे वीजही होती आणि बसही. जगात क्वचित कुठे असेल असा हा संसार १९०५पासूनचा. तरी तार गेली. माझं लाडकं गृहीतक माझ्याच शहरात मोडलं. हे घडतं, घडू द्यायचं. आपल्या गृहीतकाला उलटं पाडणारं उदाहरण बहुतेकदा आपल्याला सर्वांत जवळचं असतं, आणि जवळचं असतं म्हणूनच दिसत नाही.

तिसरं गृहीतक प्रमाणाचं, आणि ते अजून उभं आहे. तार, खांब, सबस्टेशन, तार दुरुस्त करणारी टोळी, उंच शिडीची गाडी, सुटे भाग हा खर्च बस दहा असोत की शंभर, फारसा हलत नाही. समजा तो रोजचा १,००० रुपये आहे (हा आकडा फक्त समजण्यासाठी). दहा बसवर वाटला तर बसमागे १०० रुपये, शंभर बसवर वाटला तर १०. मुंबईत ट्रॉलीबस एका मार्गापुरती होती. दुसऱ्या बाजूला डिझेल बस शेकड्यांनी होत्या आणि सगळ्यांना तेच डेपो, तेच मेकॅनिक, तेच पार्ट. त्यात १९६४ला ट्राम गेली. म्हणजे तारांचा खर्च वाटून घेणारा मोठा भाऊही गेला.

आणि डिझेल तेव्हा स्वस्त होतं. तेलाच्या किमतींचा जागतिक भडका उडाला तो १९७३च्या ऑक्टोबरनंतर. ट्रॉलीबस बंद होऊन अडीच वर्षं झाली होती. आज मागे वळून 'काय मूर्खपणा केला' म्हणणं सोपं आहे. पण १९७१मध्ये निर्णय घेणाऱ्याच्या टेबलावर १९७३चं वर्तमानपत्र नव्हतं. इतिहासातल्या माणसाला त्याच्या दिवशी जे माहीत होतं, त्यावरच तोलायचं.

आता खरी परीक्षा : हे तिसरं गृहीतक खोटं कशाने ठरेल? एका मार्गावर असूनही ट्रॉलीबसचा किलोमीटरमागचा खर्च डिझेल बसपेक्षा कमी होता असं त्या वर्षांच्या हिशेबांत निघालं, तर ते मोडलं. म्हणजे कुठले कागद बघायचे तेही ठरलं : उपक्रमाचे वार्षिक हिशेब, महापालिकेच्या सभांची इतिवृत्तं, त्या महिन्यांची वर्तमानपत्रं. ज्या गृहीतकातून 'उद्या सकाळी कुठे जाऊन काय उघडायचं' हे निघत नाही, ते गृहीतक अजून कच्चं आहे असं समजा. बेस्टच्या जुन्या वस्तू बघायच्या असतील तर आणिक डेपोतलं संग्रहालय आहे, आणि जुन्या कागदांसाठी एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतलं पुराभिलेखागार. एकदा तरी जा. पीडीएफच्या बाहेरही जग आहे.

खाडीच्या या बाजूला

आता नवी मुंबईकडे येते, कारण तिसरी सीमा मला इथे सापडली.

सिडकोची स्थापना मार्च १९७०ची. ट्रॉलीबस बंद झाली मार्च १९७१ला. मध्ये फक्त एक वर्ष. एका बाजूला कोऱ्या कागदावर रुंद, सरळ रस्त्यांचं शहर आखलं जात होतं, जिथे तारा टाकणं गिरगाव-माझगावच्या गल्ल्यांपेक्षा कितीतरी सोपं पडलं असतं. दुसऱ्या बाजूला, खाडीपलीकडे, तारेवर बस चालवणारी माणसं त्याच वेळी दुसऱ्या कामाला लागत होती. या दोन गोष्टींची गाठ पडलीच नाही. मी हे कारण म्हणून सांगत नाही, फक्त दोन तारखा शेजारी ठेवतेय.

नव्या शहराला बस मात्र पहिल्या दिवसापासून हवी होती. रेल्वे वाशीला पोचली ती १९९२मध्ये. तोवर ठाणे खाडीचा पूल आणि त्यावरून जाणारी बस, हीच शहराची नाळ. सिडकोने शहरासाठी बीएमटीसी नावाने बससेवा चालवली. १९८४मध्ये ती तोट्यामुळे आणि कामगार-व्यवस्थापन वादांत बंद पडली. तिथल्या कामगारांच्या पुनर्वसनाचा प्रश्न पुढे कित्येक दशकं चालू राहिला. जुन्या नोडमध्ये पन्नाशी-साठीच्या पुढच्या कुणाशीही बोला, 'बीएमटीसी' म्हटल्यावर चेहऱ्यावर काहीतरी हलतं. पुढे १९९२मध्ये महापालिका आली आणि १९९६मध्ये तिची एनएमएमटी सुरू झाली. हीच बस आज शहराबाहेर उरण, पनवेल आणि मुंबईपर्यंत जाते आणि तिच्या ताफ्यात इलेक्ट्रिक बसही आहेत.

'बीएमटीसी तोट्यात होती म्हणून गेली' हे वाक्य मी लहानपणापासून ऐकलंय. आता मी त्यावर थांबते. तोटा होता, पण कुठल्या वहीत?

तिसरी सीमा : वहीची

नव्या शहरात माणसं येण्याआधी बस जावी लागते. बस नसेल तर माणसं येत नाहीत. म्हणजे पहिली काही वर्षं बस अर्धी रिकामीच धावणार, आणि बसच्या वहीत तोटा दिसणार. पण बस जाते म्हणून तिथल्या जमिनीला भाव येतो. तो भाव बसच्या वहीत येत नाही, जमिनीच्या वहीत जातो. दोन वह्या वेगळ्या ठेवल्या तर बस बुडीत आणि जमीन फायद्यात. एकत्र ठेवल्या तर चित्र बदलू शकतं.

मुंबईत हेच वेगळ्या रूपात होतं. बेस्टमध्ये अनेक दशकं विजेच्या कमाईतून बसची तूट भरून निघायची. वीज आणि बस एकाच घरात होत्या, त्यामुळे हे जमायचं. विद्युत कायदा २००३ आल्यानंतर, वीजग्राहकाने बस प्रवाशाचा भार का उचलावा, हा वाद नियामकांपुढे गेला. दोन्ही बाजूंना म्हणणं आहे. माझ्यापुरता धडा एवढा की बस तीच, प्रवासी तेच, पण वह्यांमध्ये रेघ कुठे ओढली यावर 'तोट्यातली सेवा' हे बिरूद ठरतं.

आज तर ही रेघ आणखी नाजूक झालीय. मुंबई परिसरातल्या बहुतेक इलेक्ट्रिक बस भाडेकरारावर आहेत. बस आणि चालक खासगी कंपनीचे, आणि सार्वजनिक उपक्रम किलोमीटरमागे पैसे मोजतो. बॅटरी म्हातारी झाल्याचा खर्च एका वहीत, तिकिटाचं उत्पन्न दुसऱ्या वहीत, चालकाचा पगार आणि त्याची सुट्टी पहिल्या वहीत, आणि स्टॉपवर पाऊण तास उभ्या राहिलेल्या बाईचा वेळ कुठल्याच वहीत नाही. मी किलोमीटरमागे किती युनिट हे मोजते, ते महत्त्वाचं आहेच. पण ही सेवा टिकेल का, हे त्या आकड्यावरून कळणार नाही. नऊ वर्षांत गेलेली ट्रॉलीबस आणि १९८४ला गेलेली बीएमटीसी मला हे रोज आठवण करून देतात. वीस वर्षांनी कुणी विद्यार्थी 'इलेक्ट्रिक बसची सुरुवात : २०४५' अशी स्लाइड करू नये, एवढीच इच्छा.

तार कायमची गेली असंही नाही. चेकियातल्या प्रागमध्ये ट्रॉलीबस १९७२ला बंद झाली होती. २०१७मध्ये ती परत आली, पण नव्या जोडीने : काही रस्त्यावर तार, उरलेल्या रस्त्यावर बॅटरी. तारेखाली धावतानाच बॅटरी भरते, त्यामुळे ती लहान चालते. वरच्या गणितात ३०० युनिटच्या जागी १०० टाकून बघा, दोन टनांचे सातशे किलोच्या आत येतात. चढ असलेल्या आणि सतत फेऱ्या असलेल्या मार्गावर हे कुठे परवडेल, हा खरोखरच करण्याजोगा अभ्यास आहे. कुणाला हवा असेल तर घ्या, माझी हरकत नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ

तुमचा विषय बसचा नसेल. खारफुटी असेल, प्रथिनं असतील, भूजल असेल. तरी सिनॉप्सिस लिहिण्याआधी एका कागदावर तीन ओळी लिहून बघा.

१. माझी गोष्ट कुठल्या वर्षापासून सुरू होते, आणि त्याच वर्षापासून का? त्याआधी तिला दुसरं नाव होतं का?

२. माझी मोजणी कुठून कुठपर्यंत आहे? ज्याच्याशी तुलना करतेय, त्याचीही तिथूनच आहे का?

३. फायदा-तोटा मी कुठल्या वहीत बघतेय? कुणाचा खर्च त्या वहीबाहेर राहिला?

आणि चौथी ओळ, जमलं तर : माझं गृहीतक खोटं ठरवणारं सर्वांत जवळचं उदाहरण कुठलं?

पुढच्या सहामाही प्रेझेंटेशनला माझी पहिली स्लाइड एका आडव्या रेषेची होती. १९०७ ते १९७१ भरीव, मग ४६ वर्षं तुटक, मग २०१७पासून पुन्हा भरीव. सरांनी ती बराच वेळ बघितली. म्हणाले, "ही तुटक रेघ, हाच तुझा विषय आहे." गाइडनी मान डोलावली. मी घरी जाताना वाशीला उतरून मुद्दाम इलेक्ट्रिक बसची वाट बघितली. दोन डिझेलच्या गेल्या, तिसरी आली. बसायला जागा नव्हती.

पुढच्या लेखात एसीचा हिशेब करू. आपल्याकडच्या दमट हवेत बसचा एसी किती वीज खातो आणि दार उघडं राहिलं की काय होतं, ते बघायचंय. तोवर तुमच्या त्या तीन ओळी लिहून ठेवा.